साडूंच्या ट्रेलरचं ॲव्हरेज

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी, मागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडलेली एक गाडी वर्ध्याहून आर्वीमार्गे तळेगावच्या पुढे गेली आणि त्याच रस्त्याने परत आली. अंतर १४२ किलोमीटर. डिझेल १२.९ लिटर. लिटरमागे अकरा किलोमीटर. गाडी मी चालवत होतो. आकडा मी काढला होता आणि तो बरोबर होता.

गाडी आणि ट्रेलर माझे नव्हते. दोन्ही माझ्या साडूंचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचे. ते एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मुलांना वेल्डिंग आणि फिटिंग शिकवत. मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो, शेवटची अकरा वर्षं जिल्हा पानाचा प्रमुख. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. वर्ष संपलं तेव्हा त्यांच्याकडे ट्रेलर होता. माझ्याकडे कात्रणांच्या सात फायली होत्या.

ट्रेलर त्यांनी सावंगीच्या बाजूला असलेल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः बांधला. एकच ॲक्सल, दोन चाकं, आत दोन माणसं झोपतील अशा दोन गाद्या. मागचं झाकण वर उचललं की खाली ओटा आणि गॅसची शेगडी. उंची गाडीच्या टपापेक्षा वीतभर जास्त. रंग पिवळा. पासिंग झालेलं होतं, नंबरप्लेट होती, विमा होता. कागद मी मागून घेऊन वाचले होते. त्यात काहीतरी कमी निघेल अशा बेताने वाचले होते. काही कमी नव्हतं.

आणि कूलर होता. आमच्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय डोळा लागत नाही, आणि तो घरी ठेवून मुक्कामाला जायचं हे साडूंना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी एक लहान लोखंडी कूलर केला. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाणी. ट्रेलरच्या टपावर पुढच्या टोकाला त्याच्यासाठी चौकट होती. मुक्कामाला पोहोचलं की कूलर चार बोल्टांनी चौकटीवर बसवायचा, गार हवा टपातल्या झरोक्यातून खाली. निघताना तो उतरवून आत दोन गाद्यांच्या मध्ये ठेवायचा. बसवायला किंवा उतरवायला दोन माणसं आणि दहा मिनिटं लागत.

मला हेवा वाटत होता. हे इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

थंडीत साडू आणि मेव्हणी बोर धरणावर जाऊन आले, नंतर नागझिऱ्याच्या बाजूला, नंतर पुन्हा बोरला. फोटो घरच्या ग्रुपवर यायचे. बायको ते दोन बोटांनी मोठे करून बघायची. मी बाजूच्या खुर्चीत पेपर धरून, ती कोणत्या फोटोवर किती वेळ थांबते ते पाहायचो. ओट्यावर उकळणाऱ्या चहाच्या फोटोवर ती सगळ्यात जास्त थांबली. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवायची, माझ्या आधी दोन वर्षं निवृत्त झाली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आम्ही दोघं मिळून लग्नांना गेलो, तेराव्यांना गेलो आणि एकदा तिच्या सर्व्हिस बुकाच्या कामासाठी नागपूरला गेलो. उन्हाळ्यात पचमढीला जाऊ, असं तिने दोनदा म्हटलं होतं. एकदा निवडणूक होती. दुसऱ्यांदा निवडणूक नव्हती, रजा मिळाली नाही असं मी सांगितलं. रजा मी मागितलीच नव्हती. तिला हे ठाऊक नाही. आता वाचून होईल.

एकदा साडूंनी ट्रेलर नालवाडीत आमच्या फाटकासमोर लावला. त्या दुपारी गल्लीतले लोक एकेक करून येऊन पाहून गेले.

"तुमचा का?" असं मला चौघांनी विचारलं.

चौघांना मी नाही म्हणालो.

मे महिन्याच्या सुरुवातीला सासूबाईंनी देवळीला रसाच्या जेवणाला बोलावलं. आंबा उतरला की जावयांना रस खाऊ घालायचा, ही त्या घरची दरवर्षीची पद्धत. मी मोठा जावई. रसाची पहिली वाटी माझ्या ताटात, नंतर धाकट्या जावयाच्या, नंतर इतरांच्या. बत्तीस वर्षांत या क्रमात बदल झालेला नव्हता.

त्या दिवशी मी पाटावर बसलो होतो. साडू अंगणात होते. सासूबाईंना जेवणानंतर ट्रेलरमध्ये पडून पाहायचं होतं, म्हणून ते कूलर बसवत होते.

"पयली वाटी त्यायले नेऊन दे बाहेर," सासूबाई मेव्हणीला म्हणाल्या. "उन्हात उभे हायेत ते कवाचे."

वाटी माझ्या समोरून बाहेर गेली. माझ्या ताटात दुसरी आली. रस एकाच पातेल्यातला होता.

साडू आत येऊन बसल्यावर मी विचारलं, "ट्रेलर लावून गाडी काय ॲव्हरेज देते?"

"सोळा."

"आणि नुसती?"

"एकोणीस. कधी साडेएकोणीस."

"म्हणजे एवढं धूड मागे ओढून फक्त तीनचा फरक?"

"तीनचा."

"शक्य नाही," मी म्हणालो.

"भाऊजी, हे पेपरातलं नोय. टाकी फुल करून मोजलेलं हाय."

सगळे हसले. बायकोही हसली. शेवया वाढता वाढता थांबून हसली.

साडूंनी मग समजावून सांगितलं. शिकवायची सवय त्यांची गेलेली नाही. "वजनाचं एवढं काही नाई. सपाट रस्त्यावर वजन एकडाव हललं की हललं. डिझेल खाते तो वारा. म्हणून ट्रेलर गाडीच्या आडोशाले लपला पाह्यजे, टपावर काही ठेवाचं नाई, अन् काटा साठच्या वर जाऊ द्याचा नाई. ऐंशीनं पळवली तं तेच ट्रेलर बारा-तेरावर येते. ज्याले घाई हाय त्यानं बसनं जावं."

"मोजलं कोणी? तुम्हीच ना?"

"मंग तुमी मोजा. गाडी घेऊन जा, ट्रेलर घेऊन जा, तुमच्या हातानं चालवा. सोळाच्या खाली आलं तं इकून टाकतो डब्बा."

"साडेपंधरा आलं तर?"

"साडेपंधराले बी इकतो. शब्द म्हणजे शब्द."

"काऊन इकता बापा?" सासूबाई म्हणाल्या. "मले झोपाचं हाय नं अजून त्याच्यात."

"अन् आमच्या पचमढीचं काय?" मेव्हणीने विचारलं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेलर घेऊन पचमढीला जायचं, दोघी बहिणींनी आत झोपायचं, बाहेर तंबू टाकायचा, असं ठरलं होतं. हे मला त्या वाक्यातून कळलं. मी बायकोकडे पाहिलं.

"सांगणारच होते," ती म्हणाली.

"भाऊजी, तुमी बी चला न," मेव्हणी म्हणाली. "गाडीत जागा हाय."

पाहतो, म्हणालो. ट्रेलर विकला गेला तर पचमढी होणार नाही, हे माझ्या तिथेच लक्षात आलं होतं. हात धुऊन आल्यावर मी साडूंना रविवारची वेळ विचारली.

रविवारी सकाळी सहाला साडूंनी गाडी ट्रेलर जोडून आमच्या दारात आणून दिली.

"तुम्ही येत नाही?" मी विचारलं.

"मी आलो तं म्हणसान, बाजूले बसून काही तरी जादू केली यानं." त्यांनी किल्ली दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. काटा साठच्या आत ठेवा. कूलर आत ठेवूनच चालवा. मग ते ऑटोने परत गेले.

मोजणीची पद्धत साधी असते. टाकी भरताना नळी पहिल्यांदा टक करून आपोआप बंद झाली की थांबायचं. वरून थेंबही घालायचा नाही. परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नळीने, गाडी त्याच दिशेला तोंड करून उभी करायची आणि पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं गेलं तेवढं जळलं. ६.४० वाजता टाकी फुल झाली. किलोमीटरचा आकडा मी वहीत लिहिला. ही वही म्हणजे वार्ताहर वापरतात ती वरून उलटायची, लांबट. नोकरी सुटल्यावरही दोन उरल्या होत्या.

बायको शेजारी बसली. तिने पोळ्या, पिठलं आणि दह्याची बरणी घेतली होती. साडी नवी नव्हती, पण घरातली नव्हती.

आर्वी रोडला लागल्यावर काटा पंच्याहत्तरवर गेला.

"साठ म्हणाले होते ना ते?"

"लोक ज्या वेगाने जातात त्या वेगाने मोजायला पाहिजे. नाहीतर त्याला चाचणी म्हणत नाहीत."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. पळसाला नवीन पानं आली होती, शेतं नांगरून पडली होती. ती मधून मधून काहीतरी दाखवत होती. मी काट्याकडे पाहत होतो.

तळेगावच्या पुढे माझ्या जुन्या ओळखीच्या एका माणसाची संत्र्याची बाग आहे. दुपार तिथे काढायची असं ठरवलं होतं. बागवाल्याने आणि मी मिळून कूलर टपावर बसवला, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून वायर आणली. कूलरमध्ये पाणी घातलं, ट्रेलरच्या पोटाखालची साठ लिटरची टाकीही विहिरीवरून भरून घेतली. बायकोने मागचं झाकण उचललं, शेगडी लावली आणि चहा केला. कप देताना ती म्हणाली, "छान आहे हो हे."

"टाकीत साठच लिटर बसतात ना? बघून ठेव जरा," मी म्हणालो.

जेवून ती आत जाऊन झोपली. ट्रेलरच्या दाराबाहेर तिने चपला काढून ठेवल्या होत्या, घरी ठेवते तशा, भिंतीला लागून, जोडीने. मी विहिरीच्या काठावर बसून सकाळचे आकडे पुन्हा पाहिले. ती पाऊण तास झोपली. घरी ती दुपारी झोपत नाही.

तीन वाजता निघायची तयारी झाली. बागवाला पाण्याच्या पाळीला गेला होता.

"कूलर उतरवायचा ना?" बायकोने विचारलं. "मी धरते एका बाजूने."

"राहू दे. सावकाश जाऊ."

"आणि टाकीतलं पाणी?"

"राहू दे."

मी वहीत लिहिलं: "३.१०. निघालो. कूलर वर. पाणी ६० लि."

का लिहिलं, ते सांगता येत नाही. एकतीस वर्षं जे समोर दिसलं ते लिहिलं होतं, तसंच हेही लिहिलं गेलं असावं.

परतीला सावकाश गेलो नाही. आर्वीपर्यंत काटा पंच्याऐंशीवर होता, आर्वीनंतर काही वेळ नव्वदला टेकला. गरम वारा आडवा येत होता. मागे टपावर कूलरचा पत्रा वाजत होता. गाडीच्या आडोशाबाहेर, दीड हात उंच, तीन बाजूंनी जाळ्या असलेला डबा वाऱ्यात उभा होता. त्याचं काय होतं, हे देवळीला जेवताना समजावून सांगितलेलं होतं. गाडी जड झाल्याचं पायाला कळत होतं. मी पाय आणखी दाबत होतो.

पंपावर पहिल्या टकला १२.९ लिटर झालं. मी बॉनेटवर वही ठेवून भागाकार केला. अकरा. बायको नळीकडे पाहत नव्हती, टपाकडे पाहत होती.

घरी आल्यावर मी कूलर उतरवला. एकट्याला उतरत नाही. दुसरी बाजू तिने धरली. तो आत दोन गाद्यांच्या मध्ये ठेवला, टाकीतलं पाणी सोडून दिलं, बोल्ट त्यांच्या डबीत टाकले. मग मी गाडी आणि ट्रेलर सावंगीला पोहोचवून आलो.

"कितीचं आलं?" साडूंनी विचारलं.

"लिहून पाठवतो."

साडेसातला मी घरच्या ग्रुपवर टाकलं: "ट्रेलरसह चाचणी. मार्ग वर्धा-आर्वी-तळेगाव व परत. अंतर १४२ कि.मी. डिझेल १२.९ लि. पद्धत टाकी फुल, तोच पंप, तीच नळी. वेग हमरस्त्यावरील नेहमीच्या वाहतुकीचा. निष्कर्ष: प्रतिलिटर ११ कि.मी." एवढंच. वेगाचं वाक्य सोडलं तर प्रत्येक वाक्य खरं होतं. वेगाचं वाक्यही वाद घालण्याइतकं खरं होतं. कूलरचा उल्लेख नव्हता.

तासाभराने साडूंचं उत्तर आलं. "ठीक आहे भाऊजी. शब्द म्हणजे शब्द."

सोमवारी त्यांनी ट्रेलरचा फोटो विक्रीच्या एका संकेतस्थळावर टाकला. मंगळवारी हिंगणघाटहून एक जण येऊन ट्रेलर पाहून गेला. हे मेव्हणीने बायकोला फोनवर सांगितलं. बायको आतल्या खोलीत वीस मिनिटं बोलत होती. जास्त ऐकत होती. बाहेर आल्यावर तिने मला फक्त एवढं सांगितलं, "पचमढी नाही म्हणाली."

मला बरं वाटलं. रात्रीचं जेवण नीट गेलं. त्या दोन दिवसांत मी ग्रुपवरचा माझा संदेश पाच-सहा वेळा उघडून वाचला.

बुधवारी सकाळी चहाच्या वेळी बायको माझी वही घेऊन आली.

"तुम्ही डेस्कवर होता," ती म्हणाली. "एखाद्या वार्ताहराने अर्धी बातमी आणली तर काय करायचे तुम्ही?"

"परत पाठवायचो."

"मग ही घ्या परत."

तिने वही उघडून टेबलावर ठेवली. ३.१० ची ओळ वर होती.

"तुला माहीत होतं, तर ग्रुपवर तूच का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"कूलर टपावर मी ठेवला नव्हता. आणि माझ्या माहेरच्या माणसांसमोर मी तुम्हाला खोटं पाडणार नाही. तिथे तुम्ही मोठे जावई." ती माझ्याशी शाळेतल्यासारखी मराठी बोलते. पुढचं वाक्य तसं नव्हतं. "काऊन केलं असं?"

मी चहा पीत राहिलो.

"त्यानं काय घेतलं तुमचं? वर्षभर शेडमध्ये राबून सोताच्या हातानं डब्बा केला माणसानं. तुमाले गाडी देल्ली. किल्ली हातात देऊन ऑटोनं गेला. अन् तुमी..." कप उचलून ती आत गेली.

मी मोबाइलवर लिहिलं: "दुरुस्ती. रविवारच्या चाचणीत परतीच्या ७१ कि.मी. प्रवासात कूलर टपावर होता, पाण्याची टाकी भरलेली होती आणि वेग ८५ च्या वर होता. पहिल्या संदेशात हे दिले नव्हते. चूक माझी." पाठवण्याआधी तिला दाखवलं.

तिने वाचलं. "चूक नाही," ती म्हणाली. "चूक न कळता होते."

मी शेवटचे दोन शब्द काढले आणि त्या जागी लिहिलं, "हे मला माहीत होते." संदेश ११.०५ वाजता गेला. ग्रुपवर अकरा माणसं आहेत. दुपारपर्यंत नऊ जणांनी वाचल्याच्या खुणा आल्या. कोणी काही लिहिलं नाही.

चार वाजता मी स्कूटरने सावंगीला गेलो. साडू शेडमध्ये होते. ट्रेलर उभा होता.

"या भाऊजी," ते म्हणाले. "बसा."

मी उभाच राहिलो. ते आत गेले आणि कूलरची एक गवताची जाळी घेऊन आले. पुढच्या बाजूची. तिच्यात टोळ, चतुर आणि ओळखू न येणारे बरेच किडे चिरडून चिकटलेले होते.

"बगीच्यात उभ्या असलेल्या कूलरवर टोळ येऊन बसते," ते म्हणाले. "असं चिपकत नाई. हे ऐंशीच्या वरचं काम हाय."

"कधी पाहिलंत?"

"रविवारीच. तुमी गेले अन् मी कूलर पुसाले घेतला."

"मग फोटो का टाकला विकायला?"

"शब्द देल्ला होता. अन् तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो. हिंगणघाटवाल्याले म्हटलं, बावा, पुढच्या आठवड्यात ये."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

"तं इकला असता." त्यांनी जाळी भिंतीला टेकवून ठेवली. "अकरा आलं नं पण? कूलर वर, पाणी भरलेलं, नव्वदचा काटा. अकरा म्हणजे वाईट नोय. मले वाटलं नऊवर येईन."

ते मनापासून बोलत होते. आकडा त्यांना आवडला होता. मला त्याचाही हेवा वाटला.

मेव्हणीने चहा आणला. ती माझ्याशी नेहमीइतकी बोलली नाही, पण साखर बरोबर घातली होती. साडू म्हणाले, "चला न पचमढीले. मागं बसा, वही घ्या, मोजत राहा. आता मोजणाऱ्या माणसाची गरज हाय मले."

एक लेख पूर्ण करायचा आहे, असं मी सांगितलं. लेख नव्हता. चार दिवस त्यांच्या मागच्या सीटवर बसून, साठच्या काट्याने, बायको शेजारी काय काय पाहून हसते ते पाहत जाणं मला जमणार नव्हतं. दुरुस्ती दिली की हेवा जाईल, अशी माझी समजूत होती. स्कूटर चालू करताना मी ट्रेलरकडे पाहिलं. मागच्या झाकणाला साडूंनी नवीन रबर लावलं होतं. ते फार सफाईने लावलं होतं.

संध्याकाळी विक्रीचा फोटो काढून टाकलेला होता. मी तपासलं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी पहाटे साडेपाचला ते आमच्या फाटकाशी आले. साडू चालवत होते, मेव्हणी त्यांच्या शेजारी. बायकोने एक बॅग आणि दह्याची बरणी घेतली. चपला नव्या होत्या. आदल्या दिवशी तिने एकटीने जाऊन आणल्या होत्या. निघण्याआधी तिने माझ्याकडे ती वही मागितली.

"तिच्यात जुनं लिहिलेलं आहे," मी म्हणालो.

"पुढची पानं कोरी आहेत."

मी वही आणि पेन दिलं. साडू खाली उतरले, ट्रेलरचं दार उघडून त्यांनी मला आत पाहायला सांगितलं. दोन गाद्यांच्या मध्ये कूलर होता, दोन पट्ट्यांनी बांधलेला. मी पाहिला. ते गेले. समोरच्या घरातले गृहस्थ पाणी भरत होते, त्यांनी विचारलं, "तुम्ही नाही गेलात?"

"नाही," मी म्हणालो.

सकाळी आठला नागपूर गेल्याचा मेव्हणीचा फोटो आला. त्यात रस्ता होता. बारा वाजून दहा मिनिटांनी बायकोचा संदेश ग्रुपवर आला. "छिंदवाडा. २०४ कि.मी. १२.७ लि. १६.०६. कूलर आत."

मी कागदावर भागाकार करून पाहिला. आकडा बरोबर होता.